साठ क्रेडिटचा माज

ग्राफिक डिझाइन शिकलेल्या माणसाला कधी जेवायला बाहेर नेऊ नये. बाकीचे लोक मेनूकार्डात काय खायचं ते शोधतात. हा माणूस त्यात गुन्हे शोधतो. किमतींचे आकडे एका रेषेत नाहीत, मथळ्यातल्या दोन अक्षरांच्या फटीतून वेटर ट्रे घेऊन जाऊ शकेल, पदार्थांचं वर्णन एवढ्या बारीक तिरक्या टायपात आहे की साठीपुढच्या गिऱ्हाइकाने निव्वळ अंदाजाने जेवावं, आणि या सगळ्यावर कळस म्हणून हॉटेलचं नाव पपायरस फॉन्टमध्ये. हे सांगून होईपर्यंत सूप गार होतं आणि सोबतची माणसं गरम. मी याच जमातीतली असल्यामुळे अधिकाराने सांगते की हा आजार पहिल्याच सहामाहीत जडतो. कर्निंग म्हणजे दोन अक्षरांमधलं अंतर जुळवणं, हे कळल्यानंतरचे काही महिने माणूस कुणाच्या डोळ्यांत बघून बोलत नाही. समोरच्याच्या टी-शर्टवरची अक्षरं तपासत असतो. आपल्याला दिसतं ते जगाला दिसत नाही, अशी त्याची खात्री पटलेली असते. अध्यात्मात या अवस्थेला पोचायला म्हणे कित्येक जन्म लागतात; आमच्याकडे तीन क्रेडिटांत काम होतं. माझं म्हणणं असं, की या आजारावर एकच खात्रीचं औषध आहे, आणि जिथे आपल्या लेकीसुनेने शिकायला जाऊ नये असं कुठल्याही मानी मराठी घराला वाटतं नेमकं तिथेच ते मिळतं: अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात.

तसं वाटण्याचं कारण उघड आहे. कॉलेजने किती जणांना शिकवलं यावर आपण त्याची थोरवी मोजत नाही, किती जणांना दारातून परत पाठवलं यावर मोजतो. शेजाऱ्यांच्या मुलाला प्रवेश मिळाला नाही ते कॉलेज उत्तम. आपल्या मुलाला मिळाला नाही ते वशिल्याचं. कम्युनिटी कॉलेज या हिशेबात बसतच नाही, कारण ते कुणालाच परत पाठवत नाही. १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएट गावात पहिलं सरकारी ज्युनिअर कॉलेज निघालं, १९४७ साली अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशी कॉलेजं देशभर लोकांच्या दारात असावीत असं सुचवलं, आणि आज एकट्या कॅलिफोर्नियात ती ११६ आहेत. तिथल्या रहिवाशाला एका क्रेडिटला ४६ डॉलर पडतात. साठ क्रेडिटांची दोन वर्षांची पदवी झाली २,७६० डॉलरांना. पुस्तकं आणि सॉफ्टवेअर वेगळं. नामांकित खासगी कला महाविद्यालयात वर्षाची नुसती फीच पन्नास हजार डॉलरांच्या वर जाते. स्वस्त ते वाईट हा नियम आपण भाजी सोडून सगळ्याला लावतो, तो इथेही लागतो. त्यात शेजारच्या इमारतीत वेल्डिंग, पलीकडे नर्सिंग, त्याच्या पलीकडे मोटारदुरुस्ती. आणि विषय कोणता, तर ग्राफिक डिझाइन, म्हणजे घरच्यांच्या हिशेबी ड्रॉइंग. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा दहावीच्या गुणांत भर घालण्यासाठी असतात. त्या झाल्यावरही जो चित्रं काढत राहतो त्याच्याकडे घरात काळजीने पाहिलं जातं. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून आहे आणि तिथला कमर्शियल आर्टचा विभाग १९३५ पासून. पण त्या नावात ‘कमर्शियल’ नसतं तर कित्येक वडिलांनी फॉर्मवर सही केली नसती, अशी मला दाट शंका आहे.

तेव्हा आधी हे ड्रॉइंग म्हणजे काय ते बघू. डिझाइन साडीच्या पिनेसारखं असतं: जागेवर आहे तोवर कुणाला दिसत नाही, आणि सुटलं की समारंभभर दुसरं काही दिसत नाही. २००० सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीने म्हाताऱ्या मतदारांना नीट वाचता यावं म्हणून मतपत्रिकेवरचा टाइप मोठा केला. हेतू किती सात्त्विक! पण टाइप वाढला तशी उमेदवारांची नावं एका पानात मावेनात. ती समोरासमोरच्या दोन पानांवर गेली आणि भोकं पाडायची रांग मधोमध एकच राहिली. डाव्या पानावर बुश यांचे प्रतिस्पर्धी गोर यांचं नाव दुसरं, पण त्यांचं भोक तिसरं. दुसरं भोक उजव्या पानावरच्या ब्युकॅनन यांचं. हजारो मतदार तिथे गोंधळले, कुणाची मतं भलत्याला गेली, कुणाची दोन-दोन भोकं पडून बाद झाली, आणि बुश यांनी फ्लोरिडा ५३७ मतांनी जिंकलं. फ्लोरिडाबरोबर अमेरिकाही जिंकली. पुढे २०१७ साली ऑस्करच्या रंगमंचावर सर्वोत्कृष्ट चित्रपट जाहीर करायला आलेल्या वॉरन बेटी आणि फे डनवे यांच्या हाती चुकीचं पाकीट पडलं. पाकीट चुकणं हा माणसाचा धर्म आहे. पण आतल्या कार्डावर पुरस्काराचं नाव तळाशी बारीक अक्षरांत होतं आणि चित्रपटाचं नाव मधोमध. ते वर ठळक असतं, तर हे सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं कार्ड आहे हे दोघांनाही कळलं असतं आणि ‘मूनलाइट’चा पुरस्कार ‘ला ला लँड’वाल्यांच्या भाषणांमधून ओढून काढावा लागला नसता. या दोन्ही प्रसंगांत रंगसंगती ठीक होती. कुणाची अभिरुचीही कमी पडली नव्हती. वाचणारा कोण आहे, तो घाईत आहे का, त्याचा चष्मा कुठे आहे, दिवा कुठून पडतो आहे, एवढा विचार करायचा राहिला होता. म्हणजे या विद्येचा गाभा स्वतःला विसरून दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघण्यात आहे, आणि ती शिकायला येतात आमच्यासारखी, आपल्याच डोळ्यांच्या प्रेमात पडलेली माणसं.

आता अशा माणसाला कुठे पाठवावं? महागड्या कला महाविद्यालयात वर्गातले सगळे एकाच वयाचे, एकाच काळ्या कपड्यांतले, आणि निवड होऊन आलेले असतात. भिंतीवर काम लावलं की तिथे चर्चा होते ती रिकाम्या जागेच्या धैर्याबद्दल. कम्युनिटी कॉलेजच्या वर्गात लष्करातून परतलेला जवान असतो, शाळेत असतानाच कॉलेजची क्रेडिटं गोळा करणारी सोळा वर्षांची पोरगी असते, रात्रपाळी करून थेट वर्गात आलेला गोदामातला कामगार असतो आणि नातवंडं मोठी झाल्यावर मोकळ्या झालेल्या आजी असतात. तिथेही काम भिंतीवर लागतं आणि सगळे त्याच्यासमोर उभे राहतात. मग रात्रपाळीवाला जांभई आवरत विचारतो, ‘पण कार्यक्रम कधी आहे?’ तारीख पोस्टरवर आहेच. कोपऱ्यात, फिकट राखाडी रंगात, अत्यंत संयत. तो प्रश्न आला की डिझायनरच्या मनात पहिला विचार येतो की या माणसाला कळत नाही. दुसरा विचार यायला एक सहामाही लागते, आणि तो यावा एवढ्यासाठीच मी या कॉलेजची वकिली करते आहे. यावर कुणी म्हणेल की महागड्या कॉलेजांतही उत्तम शिक्षक असतात, तिथूनच मोठी नावं बाहेर पडतात. पडतात, आणि पडोत. माझा आक्षेप शिक्षकांना नाही, वर्गमित्रांना आहे. सगळ्यांना सगळं कळतं अशा वर्गात वाचक नावाचा प्राणी उपस्थितच नसतो. कम्युनिटी कॉलेजात तो फी भरून शेजारच्या खुर्चीत बसलेला असतो.

किमतीवरून दर्जा ठरवणाऱ्यांसाठी या क्षेत्राचा इतिहास फार सोयीचा नाही. नायकीची ती बाकदार खूण १९७१ साली कॅरोलिन डेव्हिडसन यांनी काढली. पोर्टलंड स्टेट या सरकारी विद्यापीठात त्या ग्राफिक डिझाइन शिकत होत्या आणि या कामाचे त्यांना ३५ डॉलर मिळाले. कंपनीने पुढे, १९८३ साली, त्यांना शेअर दिले. म्हणजे बारा वर्षांनी का होईना, बिल भागलं. उलट १९८६ साली स्टीव्ह जॉब्ज यांनी आपल्या नेक्स्ट कंपनीच्या लोगोसाठी डिझायनर पॉल रँड यांना एक लाख डॉलर मोजले. लोगो देखणाच होता, पण त्याच्यामुळे कुणी नेक्स्टचा संगणक विकत घेतल्याचं दिसत नाही. सात वर्षांत कंपनीने संगणक करणंच थांबवलं. आणि २००९ साली ट्रॉपिकानाने संत्र्याच्या रसाचं ओळखीचं खोकं बदलून अतिशय अभिरुचीपूर्ण असं नवं खोकं आणलं. गिऱ्हाइकांना दुकानात आपला रस सापडेना. दोन महिन्यांच्या आत खप सुमारे वीस टक्क्यांनी घसरला आणि जुनं खोकं परत आणावं लागलं. ते नवं खोकं आमच्या जमातीतल्या कित्येकांना मनापासून आवडलं असणार. रात्रपाळीवाल्याला आधी दाखवलं असतं तर त्याने विचारलं असतं, ‘पण संत्रं कुठे गेलं?’

इथे मला मंडळाच्या फ्लायरबद्दल थोडं बोलू द्या. थोडं म्हणते आहे खरी, पण ते तसं राहायचं नाही. अमेरिकेतल्या कुठल्याही शहरातल्या मराठी मंडळाचा गणेशोत्सवाचा फ्लायर डोळ्यांसमोर आणा. वर गणपती. एका बाजूला पैठणीची किनार, दुसऱ्या बाजूला वारली नाचणारी माणसं, मध्ये नथ, नथीच्या मागे ढोल, ढोलावर भगवा झेंडा. खाली पाहुण्या नाटकातल्या कलाकारांचे फोटो, त्याखाली अध्यक्षांचा निरोप, त्याखाली प्रायोजक: घरं विकणारे, विमा उतरवणारे, इमिग्रेशनचे वकील आणि दातांचे डॉक्टर, ज्यांचं हसू गणपतीपेक्षा मोठं छापलेलं असतं. उरलेल्या जागेत, नारिंगीवर पिवळ्या अक्षरांत, कार्यक्रमाची तारीख. आमच्या जमातीला असा फ्लायर दाखवणं म्हणजे हिंसा आहे. फॉन्ट मोजले तर सात निघतात, आणि मोजताना हाताला कंप सुटतो. पण डिझाइनचं शिक्षण पुरतं मुरलं की मग दिसायला लागतं की या फ्लायरवरची प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी रुसव्याची किंमत आहे. नथ काढली तर सांस्कृतिक समिती रुसते, ढोल काढला तर पथक रुसतं, दात काढले तर हॉलचं भाडं कोण देणार? पांढरी मोकळी जागा ठेवायची तर ती कुणाच्या वाट्याची, यावर बैठक घ्यावी लागेल.

बरं, हे सगळं माफ करता येईल. माफ करता येत नाही ती वेलांटी. संगणक मराठी मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवतो: ‘कि’ लिहिताना आधी क, मग ऱ्हस्व वेलांटी. पडद्यावर ती वेलांटी उचलून क-च्या डावीकडे नेऊन ठेवणं आणि जोडाक्षरं जुळवणं हे सॉफ्टवेअरचं काम. डिझाइनच्या सॉफ्टवेअरांना हे काम वर्षानुवर्षं येत नव्हतं, आणि आता येत असलं तरी कित्येकदा ती सोय सेटिंगच्या तळघरात बंद करून ठेवलेली असते. ती सापडली नाही की वेलांटी उजवीकडच्या अक्षरावर जाऊन बसते आणि जोडाक्षराचे पायमोडके तुकडे होतात. या अपघातात कोण वाचतं आणि कोण जातं याचा अभ्यास करण्यासारखा आहे. अध्यक्ष जातात; त्यांच्यात दोन जोडाक्षरं आहेत, दोन्ही फुटतात. उपाध्यक्ष त्यांच्यामागून जातात. चिटणिसांची वेलांटी ट-वर जाते, खजिनदारांची न-वर, सल्लागारांचा ल मोडतो. कार्यकारिणीचं तर काही शिल्लकच राहत नाही. आणि सभासद? सभासदाला ओरखडाही उठत नाही. स, भा, स, द. ना वेलांटी, ना जोडाक्षर, जसाच्या तसा उभा. लोकशाहीचा एवढा शुद्ध पुरावा मला राज्यशास्त्रात सापडलेला नाही.

जेवणाच्या यादीचंही तेच. मिसळ जाते. श्रीखंड जातं. कोथिंबीर वडी मधोमध मोडते. पण मोदक, पुरणपोळी, वडापाव आणि साबुदाणा यांना जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर हात लावू शकत नाही. मंडळाच्या स्वयंपाकघराची तब्येत मंडळाच्या कार्यकारिणीपेक्षा किती चांगली आहे ते यावरून दिसतं. सिद्धिविनायक एका ओळीत तीनदा जायबंदी होतो, पण गणपती अभंग राहतो, म्हणून माझा सगळ्या मंडळांना सल्ला असतो की परदेशात देवाला घरगुती नावानेच हाक मारावी. महाराष्ट्र फुटतो, मराठी टिकते. यातून काही मोठा निष्कर्ष काढायचा मोह मी महत्प्रयासाने आवरते. मोदकाबद्दल आणखी एक सांगायलाच हवं: मोदक नावाचा देवनागरी टाइपफेसही आहे, मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनी केलेला, इतका गुबगुबीत की अक्षरांच्या पोटातल्या पोकळ्या जेमतेम उरल्या आहेत. आणि पॉपिन्स, जो अमेरिकी वेबसाइटींवर पावलोपावली दिसतो, तो अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ साली आणला, त्यातली देवनागरी निनाद काळे यांनी काढलेली आहे. ही माहिती मी न विचारता देते. देताना माझा चेहरा जणू तो टाइपफेस मीच काढल्यासारखा होतो, असं घरच्यांचं मत आहे. मत आहे तर असो.

या विषयांतराचा मूळ मुद्द्याशी संबंध नाही असं समजू नका. वेलांटी महागड्या वर्गात फुटली तर ती एकट्याची अडचण असते. कम्युनिटी कॉलेजच्या वर्गात तिला सोबत मिळते. शेजारच्या मुलाची अरबी अक्षरं एकमेकांचे हात सोडून, वर उलट्या क्रमाने उभी राहिलेली असतात. पलीकडच्या व्हिएतनामी बाईंच्या एकाच स्वरावर दोन-दोन चिन्हं हवीत आणि निवडलेल्या सुंदर फॉन्टात एकही नसतं. टाइपफेस म्हणजे सव्वीस अक्षरं, हा पाठ्यपुस्तकातला समज असा बसल्या जागी मोडतो, आणि शिक्षकही खुर्ची ओढून बसतात, कारण हे त्यांनाही नवीन असतं. तसं बघितलं तर अमेरिकनांची मराठी अक्षरांशी ही पहिली झटापट नव्हे. मुंबईतल्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरीचे छपाईचे खिळे घडवले. जावजी दादाजी पोरवयात तिथेच कामाला लागले आणि काम करता करता शिकले. शाळा बेताचीच झालेल्या या माणसाने १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, आणि तिथल्या खिळ्यांच्या वळणावर पुढच्या कित्येक पिढ्यांचे डोळे घडले. संस्कृत ग्रंथ शुद्ध आणि सुबक छापावेत तर निर्णयसागरने, अशी ख्याती झाली. मिशन प्रेसच्या दारात कुणी जावजींना कटऑफ विचारला असता, तर आपली बाराखडी आज कशी दिसली असती कोण जाणे.

आता सर्वांत खवचट आक्षेप, जो समोर कुणी घेत नाही, पार्टीत पाठ वळली की घेतला जातो: हे सगळं ठीक आहे, पण तिथे शिकायला कोण जातं? एच-फोरवाल्या बायका. नवरा नोकरीला जातो, वेळ जात नाही, मग कुणी केक शिकतं, कुणी फोटोशॉप. इथे विनोद जरा बाजूला ठेवते. एच-वन व्हिसावर आलेल्या माणसाच्या जोडीदाराला मिळतो तो एच-फोर. त्यावर शिकता येतं, कमावता येत नाही. २०१५ पासून काहींना कामाचा परवाना मिळू लागला, पण जोडीदाराच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत पोचली असेल तरच. आणि एका देशाच्या वाट्याला सात टक्के या नियमामुळे भारतीयांची ती रांग वर्षानुवर्षं सरकत नाही. म्हणजे पुण्या-नाशकात इंजिनिअर, शिक्षिका, वकील, दंतवैद्य म्हणून उभी राहिलेली बाई इथे येते ती दुसऱ्याच्या फॉर्मवरची एक ओळ होऊन. बँकेत, दवाखान्यात, घरमालकापुढे आधी नवऱ्याचं नाव. तिच्यापुढे मी वर मांडलेला सिद्धांत लंगडा पडतो. अहंकार सोडणं हा सद्गुण असेल. पण ज्याच्या हातून तो सरकारी शिक्क्याने काढून घेतला आहे त्याला विनयाचं प्रवचन देणं हा निव्वळ उद्धटपणा आहे. या बाईला वर्गात जे मिळतं ते नेमकं उलटं असतं. भिंतीवर तिचं काम लागतं, खाली तिचं नाव असतं, आणि दहा-पंधरा अनोळखी माणसं त्या कामाबद्दल तिच्याशी वाद घालतात. नवरा काय करतो हे कुणी विचारत नाही, कारण कुणाला त्याची पडलेली नसते. पानाची चौकट कुठे संपावी हे ती ठरवते, आणि ते बरोबर का आहे ते उभी राहून सांगते. त्या वर्गाला टाइमपास म्हणणाऱ्यांनी एक वर्ष स्वतःच्या नावाने काहीही न करता घालवून बघावं. घड्याळ किती हळू चालतं ते कळेल.

म्हणून सिद्धांत थोडा दुरुस्त करून मांडते. ज्या कॉलेजात कुणालाही प्रवेश मिळतो, तिथे अहंकाराचं फेरवाटप होतं. ज्यांच्याकडे जास्त असतो त्यांच्याकडून काढला जातो, ज्यांच्याकडे उरलेला नसतो त्यांना थोडा दिला जातो, आणि दोघांनाही एकाच भिंतीसमोर उभं केलं जातं. दोघं एकमेकांच्या कामातली तारीख शोधत राहतात. डिझाइनसारख्या विषयाला, जिथे स्वतःबद्दल थोडी खात्री लागते आणि दुसऱ्याबद्दल त्याहून जास्त कुतूहल लागतं, यापेक्षा योग्य जागा मला सुचत नाही.

राहता राहिला संगणकाचा आक्षेप. कॅनव्हावर तयार साचे आहेत, एआय बसल्या जागी पोस्टर काढून देतं, मग दोन वर्षं कशाला घालवायची? हा आक्षेप मला मनापासून आवडतो, कारण तो घेणाऱ्याने पाठवलेलं लग्नाचं ई-निमंत्रण मी पाहिलेलं असतं. चित्र मोहक असतं, कमळं तरंगत असतात, आणि देवनागरीच्या जागी देवनागरीसारखं दिसणारं, शिरोरेषा असलेलं, कुठल्याच भाषेत नसलेलं काहीतरी असतं. पण समजा हे उद्या सुधारलं, आणि सुधारेलच. तरी मशीन मागितलं ते देतं. मागणाऱ्याने काय मागायला हवं होतं, हे ते आपण होऊन विचारत नाही. पाम बीचच्या अधिकाऱ्यांनी मशीनला मोठ्या टायपातली मतपत्रिका मागितली असती, तर मशीनने ती तत्परतेने दिली असती, वर चार वेगवेगळ्या रंगांत. नोकऱ्या कमी होतील ही भीती मात्र खोटी नाही. साचे भरण्यापुरतं डिझाइन शिकलेल्यांचं काम जाईल, आणि त्यांच्यात कम्युनिटी कॉलेजातले असतील तसे पन्नास हजारवालेही असतील. फरक एवढाच की पहिल्यांच्या डोक्यावर कर्ज कमी असेल. ‘पण कार्यक्रम कधी आहे?’ असं विचारणारा रात्रपाळीवाला मात्र अजून कुठल्या ॲपमध्ये आलेला नाही.

दोन वर्षं आणि साठ क्रेडिटं झाली की पदवीचा कागद हातात पडतो. बऱ्याच अमेरिकी कॉलेजांत तो अजूनही गॉथिक वळणाच्या, काळ्याकुट्ट, टोकदार अक्षरांत छापलेला असतो, ज्यांतलं नाव खुद्द नाववाल्यालाही पहिल्या झटक्यात वाचता येत नाही. ग्राफिक डिझाइनचा आख्खा विभाग त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर असतो. त्याला कुणी विचारलेलं नसतं, आणि त्याच्या शिकवणीवर माझा जो काही विश्वास आहे तो मुख्यतः याच गोष्टीवर उभा आहे: रोज घरच्याच गिऱ्हाइकाकडून एवढा अपमान गिळणारे शिक्षक माझा माज नक्कीच उतरवतील. तो कागद मी फ्रेम करून लावावा असं घरच्यांना वाटतं. माझी काहीच हरकत नाही, फक्त समास दोन्ही बाजूंनी सारखे नाहीत, तेवढे आधी कापून घेते.